लेथला चाकं लावली तेव्हा

आमच्या मानवतच्या घराला दरवाजा नव्हता, शटर होतं. आजोबांनी घर बांधलं तेव्हा पुढंमागं जीप घ्यायची म्हणून आधी गॅरेज काढलं आणि उरलेल्या जागेत घर बसवलं. जीप काही आली नाही. गॅरेज मात्र राहिलं, आणि घरात शिरायची वाटही तीच राहिली. दूधवाला असो, पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असोत, नाही तर शाळेतले गुरुजी, सगळे शटरखालून वाकून आत यायचे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्या गॅरेजात वर्कशॉप टाकलं होतं. भिंतीला लागून लोखंड फिरवत तासायचा लेथ, कोपऱ्यात खांबावर उभं असतं तसलं ड्रिलचं मशीन, लोखंड कापायची करवत, ग्राइंडर. न आलेल्या एका जीपच्या जागेत एवढा सगळा संसार. त्यातून अंग चोरत स्वयंपाकघरापर्यंत पोचलेल्या माणसाच्या बाहीला तेलाचा काळा पट्टा लागलेलाच असायचा. माय त्याला आधी साबण द्यायची, मग पाणी.

गावात आणि गावाबाहेर कापसाच्या जिनिंगा. हंगाम लागला की त्यांचे झिजलेले शाफ्ट आणि रोलर आमच्याकडं यायचे. एरवी कुणाच्या पेरणीयंत्राचा दांडा, कुणाच्या मोटारीचं बुश. लेथ चालू झाला की सगळ्या घरात एक सलग घूं भरून राहायचा आणि पात्याखालून निघणाऱ्या लोखंडाच्या निळसर कुरड्या खाली साचायच्या. आम्ही त्या आवाजातच जेवलो, अभ्यास केला, भांडलो. त्यामुळं आमच्या घरातली सगळी माणसं जन्मभर जरा मोठ्यानंच बोलत आली. आत्या म्हणायची, तुमच्या घरच्या भाकरीला मशीनच्या तेलाचा वास येतो. आम्हाला मात्र दुसऱ्यांच्या भाकरीला वासच नाही असं वाटायचं.

जागेची अडचण अण्णांनी त्यांच्या परीनं सोडवली होती. लेथच्या डोक्यातून आरपार एक भोक असतं. लांब गजाच्या टोकावर काम करायचं असलं की बाकीचा गज त्या भोकातून मागं काढून ठेवतात. आमच्या लेथच्या मागं होती स्वयंपाकघराची भिंत. अण्णांनी भिंतीलाही भोक पाडलं. मग गज लेथमधून भिंतीत आणि भिंतीतून स्वयंपाकघरात यायचा, आणि पिठाच्या डब्याच्या वर हातभर गरगर फिरत राहायचा. काम सुरू करताना अण्णा पलीकडून हाळी द्यायचे, "आत यायलोय गं." माय डोक्यावरचा पदर सावरून मागं सरकायची. नवीन सुनेनं सासऱ्यापुढं सरकावं तशी ती त्या गजापुढं सरकायची. अण्णांना या युक्तीचा फार अभिमान होता. आलेल्या गिऱ्हाइकाला ते आत नेऊन भोक दाखवायचे आणि माय त्या गिऱ्हाइकाला चहा करायची, गजाखालून वाकून.

एक दिवस एक बारीक आणि लांब गज लागला होता आणि काम घाईचं होतं. अण्णांनी मशीनचा वेग वाढवला. पलीकडं आधाराशिवाय फिरणारा गज आधी थरथरला, मग वाकला, आणि वाकला तसा चाबकासारखा फिरला. लोणच्याची बरणी गेली, फळीवरचे डबे गेले, आणि चुलीवर उकळतं वरण पातेल्यासकट समोरच्या भिंतीवर गेलं. माय त्या वेळी मागच्या अंगणात कोथिंबीर धुवायला गेली होती म्हणून मी हे प्रकरण हसत लिहू शकते आहे. ती आत आली. भिंतीवरून ओघळणारं वरण तिनं पाहिलं, कोथिंबीर खाली ठेवली आणि शटरकडं तोंड करून म्हणाली, "अहो, उद्यापासून या घरात एक तर गज येईल न्हाई तर मी राहीन. दोघांना जागा पुरंना."

त्या दिवशी आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. अण्णांनी भोक बुजवलं. पण लांब गज यायचे थांबले नाहीत, आणि त्यांना परत लावायचं तर हंगामच हातचा जायचा. मग एकच तोड उरली. लांब काम आलं की लेथ फिरवून त्याची पाठ शटरकडं करायची, म्हणजे गज रस्त्यावर निघेल, आणि काम संपलं की पुन्हा भिंतीला लावायचा, नाही तर घरात यायला वाट नाही. म्हणजे लेथ हलला पाहिजे. तो कितीक मणांचा होता ते अण्णा दर वेळी वेगळं सांगायचे. पहिल्यांदा तो हलवायला गल्ली गोळा झाली. पहारी, खाली घालायला पाइपचे तुकडे, आणि मायनं परातभर केलेला मुरमुऱ्यांचा सुशीला. आमच्या गल्लीत उचलणारे कमी आणि "तिकडून उचल" म्हणणारे जास्त. दिवस मावळेपर्यंत लेथ अर्धा फिरला. त्या रात्री घरातले आम्ही सगळे त्याच्यावरून चढून झोपायला गेलो.

इथं माझ्या मामानं प्रवेश केला. बापूमामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. एसटीत कंडक्टर होता, पाथरीच्या बाजूला त्याच्या फेऱ्या असायच्या आणि सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडं यायचा. जगातल्या बहुतेक गोष्टींचं त्याला ज्ञान होतं, पण चाकाच्या बाबतीत तो कुणाचं काही ऐकून घ्यायचा नाही.

"दाजी, लेथला चाकं लावा," तो म्हणाला.

"लेथला कुणी चाकं लावतं का?" अण्णा म्हणाले.

"चाकाचं मला नका सांगू. माझी सारी हयात चाकावर गेली."

ती चाकांवर उभं राहून तिकिटं फाडण्यात गेली होती, हे कुणी बोललं नाही. तो मायचा भाऊ होता आणि माय भाकरी थापत होती.

पुढच्या सुट्टीला मामा परभणीच्या भंगार बाजारातून लोखंडी चाकं घेऊन आला. अण्णांनी ती लेथच्या पायांखाली बोल्टनं बसवली. आणि काय सांगावं, जो लेथ हलवायला गल्ली लागली होती, तो मी आणि मायनं पदर खोचून ढकलत भिंतीपासून शटरपर्यंत नेला. अण्णा पाहतच राहिले. मामा पान लावून आला. एवढी मोठी गोष्ट घरातल्या घरात राहू देणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यानं वॉर्डातल्या पुढाऱ्यांना, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, उद्घाटनाचं आमंत्रण दिलं. भाऊसाहेब तेव्हा कशाचंही उद्घाटन करायचे. आमच्या गल्लीतल्या बोअरचं त्यांनी पाणी लागायच्या आधी केलं होतं.

शटरपुढं मांडव घातला. लेथला हार घातला. तो फिरत्या भागात अडकेल म्हणून मी काढला, मामानं परत घातला, मी परत काढला. भाऊसाहेबांनी नारळ फोडला आणि भाषण केलं. "आज आपल्या मानवतचा उद्योग खऱ्या अर्थानं चालायला लागला," ते म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरचं बटन दाबलं आणि ते परत मांडवात येऊन उभे राहिले. अण्णांनी हौसेनं एक ओबडधोबड, एका अंगाला जड असं ओतीव भांडं लेथला लावून ठेवलं होतं, लोकांना मोठं काम दिसावं म्हणून. ते फिरायला लागलं, लेथ थरथरला आणि भाऊसाहेबांकडं निघाला.

धावत नाही, चालत. एखादा वयस्कर माणूस तक्रार घेऊन पुढाऱ्याकडं जातो तसा, ठाम आणि सावकाश. भाऊसाहेब मागं सरले, त्यांच्या मागची माणसं मागं सरली, मांडवाचा खांब सरला. टाळ्या चालूच होत्या, कारण मागच्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. "बंद करा की हो," माय आतून म्हणाली, पण बटन भिंतीवर होतं आणि भिंत आणि अण्णा यांच्या मध्ये लेथ होता. शेवटी वायर ताणली गेली, भिंतीतला प्लग सुटला आणि मशीन रस्त्याच्या कडेला येऊन शांत झालं. भाऊसाहेबांनी घाम पुसला आणि उरलेलं भाषण दुरून केलं.

यातून शहाण्या माणसानं जे शिकायचं ते आम्ही शिकलो नाही. अण्णांनी चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना विटांची उटी लावली आणि प्रश्न मिटला असं जाहीर केलं. मग मशीन हलतं हे गल्लीला कळल्यावर ते हलवायची कारणं निघायला लागली. उन्हाळ्यात शेजारणी शेवया करायला आल्या, गॅरेजची फरशी गार असते म्हणून. कुणाच्या घरची सोयरीक जमवायची बैठक आमच्याकडं झाली, कारण त्यांच्याकडं जागा नव्हती आणि आमच्याकडं आता होती. पत्त्यांचा अड्डाही काही दिवस बसला, तो मायनं उठवला. ज्या गॅरेजात पूर्वी एक माणूस आडवा होऊन जायचा, तिथं आता पंगत बसायला लागली. लेथ, करवत, ग्राइंडर, सगळ्यांना चाकं लागली. आणि मामाच्या आग्रहानं ड्रिललाही लागली.

माझा भाचा परवा मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवत होता. परदेशात कुणीतरी आपल्या घरच्या गॅरेजात अशीच मशिनं चाकांवर बसवली आहेत, ब्रेकवाली, रबरी, बोटानं ढकलली तरी सरकतात. "मावशी, बघ लोक किती डोकं लावतात," तो म्हणाला. मी बघितलं. त्या माणसानं ड्रिलखाली केवढी रुंद चौकट घातली होती ते मी पहिल्यांदा बघितलं. आमचं ड्रिल म्हणजे माणसापेक्षा उंच खांब, वर मोटार आणि सगळं जड डोकं, आणि खाली परातीएवढी बैठक. त्या बैठकीलाच आम्ही चार लहान चाकं लावली होती. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला चाकांच्या चपला घालाव्यात तसला प्रकार.

ड्रिलला अशी चाकं लागल्यावर काही दिवसांनी मायनं सत्यनारायण घातला होता. सकाळी गुरुजी येऊन बसले, केळीचे खांब आले, प्रसादाचा शिरा व्हायचा होता. चौरंग मांडायला ड्रिल कोपऱ्यातून बाजूला करायचं होतं. अण्णा आणि मामा ते ढकलायला लागले. माणूस ढकलताना हात जिथं सोयीचा तिथं लावतो, म्हणजे छातीपुढं, म्हणजे वर. मी बाजूला केळीचा खांब बांधत होते. फरशीच्या फटीत पुढचं चाक अडकलं. खालचं थांबलं, वरचं निघालं. मशीन तोल जाताना अजिबात घाई करत नाही. ते आधी विचार करतं असं वाटतं. तेवढ्या वेळात अण्णांनी हात काढला आणि मामानं, आयुष्यभर सुटत्या बसमधले प्रवासी सावरायची सवय असलेल्या माझ्या मामानं, पुढं होऊन त्या मशीनला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"सोड मामा," मी म्हणाले, आणि म्हणतानाच त्याची मागची कॉलर धरून सगळं अंग मागं टाकलं. कापड फाटल्याचा आवाज आला. मी आणि तो केळीच्या खांबासकट गुरुजींच्या अंगावर जाऊन पडलो, आणि ड्रिल जमिनीवर पडलं. तो आवाज अजून माझ्या पायांत आहे. शहाबादी फरशीचे तुकडे झाले, मोटारीवरचं झाकण फुटलं, भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. धूळ बसली तेव्हा दिसलं, मामाची एक चप्पल मशीनखाली गेली होती. तिच्यात पाय नव्हता, एवढंच.

मामा आपल्या अनवाणी पायाकडं पाहत बसला. मग पाठीमागं हात फिरवून म्हणाला, "शर्ट फाडलास की गं शके. नवा होता."

माय आतून आली होती. तिनं भावाच्या दोन्ही पायांना हात लावून बघितलं, एकदा, मग पुन्हा. गुरुजी धोतर सावरत चाचरत म्हणाले, "वहिनी, पूजा पुढं ढकलायची का?"

"ढकलायचं नाव काढू नका," माय म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

पूजा झाली. आडव्या पडलेल्या ड्रिलच्या शेजारीच झाली. तीर्थ घ्यायला आलेली माणसं त्यालाही हात जोडून जात होती. अण्णांनी शिऱ्याला तोंड लावलं नाही. संध्याकाळी ते पाना घेऊन बसले आणि लेथची चाकं सोडवायला लागले. "नको ते," म्हणाले. "जड वस्तू जागची हलूच ने. माणसानं तिच्या भोवतीनं जावं." पाना सारखा घसरत होता. मामा ओट्यावर अण्णांचा सदरा घालून बसला होता. प्रथमच त्याला चाकाबद्दल काही सांगायचं नव्हतं.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. घरी बसणे म्हणजे कुणीतरी बघायला येईपर्यंत थांबणे. मी अण्णांजवळ जाऊन बसले. मला त्या चालत निघालेल्या लेथची आणि या पडलेल्या ड्रिलची खोड एकच वाटत होती, पण शब्दांत सापडत नव्हती. मी मामाला विचारलं, "मामा, बस पंक्चर झाल्यावर काय करतेत?"

"काय करतेत म्हंजे? जॅक लावतेत."

"मग ती हलत न्हाई का?"

"हलंल कशी? चाक वर अधांतरी, बोजा जॅकवर. ढकलली तरी हलायची न्हाई." आणि इथं त्याचा आवाज जरा पूर्ववत झाला. "चाकं चालायला असतेत पोरी. उभं राहायला पाय लागतेत."

अण्णांचा पाना थांबला. त्यांनी कोपऱ्यातला खडू उचलून माझ्या हातात दिला. ते स्वतः फरशीवर आखायचे, दुसऱ्याला कधी देत नसत. मी लेथच्या भोवती एक चौकट काढली, लेथपेक्षा चांगली रुंद. चाकं चौकटीच्या बाहेरच्या कोपऱ्यांना. प्रत्येक चाकाशेजारी एक जाड बोल्ट, खाली लोखंडी तळवा. बोल्ट पिळून खाली घेतला की चाकं जमिनीपासून सुटणार आणि मशीन आपल्या पायांवर बसणार. हलवायचं असलं की बोल्ट वर, बोजा चाकांवर. "चौकट भुईपासून किती वर?" अण्णांनी विचारलं. मी म्हणाले, बोटभर, म्हणजे चाक मोडलं तरी मशीन बोटभरच पडेल. ड्रिलला चौकट आणखी रुंद घ्यायची, हलवताना त्याचं डोकं खांबावरून उतरवून तळाशी आवळायचं, आणि वरून ढकलायचं नाही, खालच्या कडीला दोर बांधून ओढायचं. फरशीच्या फटी सिमेंटनं भरायच्या. अण्णा हूं हूं करत राहिले. माझ्या बोलण्यावर ते एवढा वेळ हूं करतील असं मला आधी माहीत असतं तर मी बरंच आधी बोलायला लागले असते.

चौकटी व्हायला तो पावसाळा गेला. लोखंडी चॅनल कापले अण्णांनी, वेल्डिंग त्यांच्याकडून शिकून मी केलं. माझ्या ओढणीला ठिणग्यांची भोकं पडली तेव्हा मायनं अण्णांचा जुना खाकी शर्ट माझ्यापुढं टाकला आणि गल्लीत विचारणाऱ्या बायकांना सांगितलं, "पोरगी लोखंड शिवायलीय." भिंतीवर मी रंगानं लिहिलं, 'मशीन पडत असेल तर पडू द्या.' ही ओळ वाचून गिऱ्हाईक चपापायचं. कामाची हमी देणारं दुकान असं काही लिहीत नाही. अण्णांनी ती पुसायला सांगितली नाही. हलवायच्या आधी वायर काढायची, आणि मशीन ज्या अंगाला कलंडू शकतं त्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही, मायसुद्धा नाही, भाऊसाहेबसुद्धा नाहीत, हा नियम झाला. या वेळी उद्घाटन झालं नाही. ज्या दिवशी लेथ सरकला, फिरला, बोल्टवर बसला आणि भांडं लावून चालवला तरी जागचा हलला नाही, त्या दिवशी घरात नेहमीसारखं येसराची आमटी आणि भाकरी होती. मामा पुढं बसमध्ये सांगायचा की ही त्याची युक्ती. त्यात खोटं म्हणावं असं फारसं नव्हतं. भाचीला मशीनखालून ओढून काढलं, असंही तो सांगायचा. त्याला मात्र मी हरकत घेतली, आणि मग तो ते माझ्या माघारी सांगायला लागला.

हंगाम लागला तोवर लेथही मी चालवायला लागले होते. एका जिनिंगचे मालक, खांद्यावर उपरणं, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लांबलचक शाफ्ट, शटरपुढं येऊन उभे राहिले. अण्णा आत जेवत होते. मी खाकी शर्टात लेथ पुसत होते.

"मिस्त्रीला बोलवा," ते म्हणाले.

मी आत हाक मारली. अण्णा हातात घास तसाच धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, त्यांनी मालकांना पाहिलं, शाफ्ट पाहिला, मला पाहिलं. "समोर उभी हाय की," म्हणाले आणि परत जेवायला गेले.

मालक बाहेर गेले. ट्रॅक्टरच्या सावलीत त्यांनी बिडी पेटवली. परभणी किती लांब पडेल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि तिकडं बंद पडून राहिलेली जिनिंगही दिसत होती. बिडी संपवून ते परत आले आणि लेथच्या पुढ्यात, बरोबर मधोमध, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मशीन फिरवायचंय," मी म्हणाले. "तुमी त्या अंगाला उभं राहू नका."

त्यांनी भिंतीवरची ओळ वाचली. माझ्याकडं पाहिलं. मग उपरणं सावरून ते निमूट बाजूला झाले. पोरीच्या सांगण्यावरून बाजूला झालेला पुरुष मी आमच्या गल्लीत तोवर पाहिला नव्हता. मी वायर काढली, बोल्ट वर घेतले आणि चौकटीच्या कडीचा दोर हातात धरला.